बढती मिळाली? आता जपून

आयटी कंपनीत वर चढलं की नोकरी पक्की होते, हा आपल्या घराघरांतला समज आहे. मुलगा टीम लीड झाला की शेजारीपाजारी पेढे जातात, मॅनेजर झाला की सासरी मान वाढतो आणि सीनियर मॅनेजर झाला की बाणेरला मोठ्या फ्लॅटची चौकशी सुरू होते. हा समज सोडायची वेळ आली आहे. आयटीतल्या प्रत्येक बढतीबरोबर माणूस कंपनीला महाग होतो, हातातल्या कामापासून दूर जातो आणि कायद्याच्या आधाराबाहेर सरकतो. या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. बढतीच्या पत्रात त्यातली एकही लिहिलेली नसते.

पुरावा ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की त्या आर्थिक वर्षात आपण सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून जास्त कर्मचारी कमी करणार. तेव्हा कंपनीत ६,१३,००० माणसं होती. कुऱ्हाड कुठे पडणार, तेही कंपनीनेच सांगितलं: प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणींवर. म्हणजे ज्यांनी पंधरा-वीस वर्षं रेटिंग जपलं, ऑनसाइट वाऱ्या केल्या, शनिवार-रविवार रिलीजसाठी दिले, त्यांच्यावर. सप्टेंबरअखेर कंपनीतल्या माणसांचा आकडा ५,९३,००० वर आला. कमी झालेल्यांत आपणहून सोडून गेलेलेही आहेत, पण एका तिमाहीत जवळजवळ वीस हजारांची घट झाली, हे कंपनीच्याच हिशेबात आहे.

तासांचा धंदा

हे समजायचं तर सर्व्हिस कंपनीचा धंदा समजायला हवा. ती माणसांचे तास विकते. क्लायंट तासाला ठरावीक डॉलर मोजतो. प्रोजेक्टवर एक मॅनेजर, त्याच्या हाताखाली दोन-तीन लीड, त्याखाली डेव्हलपर आणि टेस्टर, आणि सगळ्यात खाली फ्रेशर. फ्रेशरचा पगार कमी आणि त्या मानाने त्याच्या तासाला मिळणारा दर चांगला, म्हणून नफा खालच्या थरात तयार होतो. वरच्या माणसाचा पगार दरवर्षी वाढतो, त्याच्या तासाचा दर मात्र कंत्राटात गोठलेला असतो. पुष्कळदा त्याचे तास क्लायंटला लावलेच जात नाहीत. मग तो बिलेबल राहत नाही, ओव्हरहेड होतो.

फ्रेशरचा पगार कमी म्हणजे किती? पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत सर्वसाधारण फ्रेशरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळायचे. आजही साडेतीन लाखांच्या आसपासच मिळतात. या काळात पुण्यातलं खोलीभाडं, मेसचा डबा, दुधाची पिशवी यांचे भाव कुठे गेले, ते हिंजवडीत चार मित्रांसोबत राहणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा.

हा सगळा डोलारा दहीहंडीच्या थरांसारखा उभा आहे. खालचा थर रुंद असेपर्यंत वरच्याला जागा. आता कोड लिहून देणारी, टेस्ट केस तयार करणारी साधनं आली आणि खालचा थर पातळ व्हायला लागला. खालचे काढले की वरचा कितीही तरबेज असला तरी टिकत नाही. दहा माणसं सांभाळणाऱ्याची गरज दहा माणसं असेपर्यंतच.

टीसीएसचे प्रमुख के. कृतिवासन यांनी कपातीचं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, असं सांगितलं. कौशल्य जुळत नाही आणि माणूस कोणत्या कामावर लावता येत नाही, हे कारण दिलं. ते खरं मानू. मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या माणसाला कंपनीने दहा वर्षं कोडपासून बाजूला काढून एक्सेल, एस्कलेशन कॉल आणि स्टेटस रिपोर्टमध्ये बसवलं, त्याचं कौशल्य आज जुळत नसेल तर ते कोणामुळे? ‘तू आता टेक्निकलमध्ये अडकू नकोस, लोक सांभाळायला शीक,’ हा सल्ला त्याला कंपनीच्याच लोकांनी दिला. त्याने ऐकला. चांगलं रेटिंगही मिळालं. आता त्या ऐकण्याची किंमत त्याने एकट्याने मोजायची, हा न्याय नाही.

आणि अशा माणसाला नवं काम मिळवायला वेळ किती द्यायचा? जून २०२५ पासून टीसीएसमध्ये नियम आला: वर्षातले किमान २२५ दिवस बिलेबल काम हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, जास्तीत जास्त ३५ दिवस. वाकडच्या फ्लॅटचं कर्ज वीस वर्षांचं असतं. नोकरीचा भरवसा ३५ दिवसांचा असेल, तर बँकेने आणि कर्ज घेणाऱ्याने दोघांनीही पुन्हा विचार करावा.

नफा आहे, नोकरी नाही

हे फक्त आपल्या सर्व्हिस कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. ॲमेझॉनचे अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना लिहिलं की मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण २०२५ च्या पहिल्या तिमाहीअखेर किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं. मेटाच्या मार्क झुकरबर्ग यांनी २०२३ हे कार्यक्षमतेचं वर्ष ठरवलं, मधले थर कमी केले आणि अनेक मॅनेजरांना पुन्हा हातात काम घ्यायला सांगितलं. मधला थर नको, हे आता या धंद्यात उघडपणे बोललं जातं.

दुसरा जुना समज असा की कंपनी तोट्यात गेली तरच माणसं काढते. आयबीएमने अनेक दशकं कुणालाही कामावरून कमी न करण्याचं धोरण पाळलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचंड तोटा झाला तेव्हा ते मोडलं. तेव्हा निदान तोटा होता. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात मायक्रोसॉफ्टचा निव्वळ नफा १०० अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि २०२५ च्याच मे आणि जुलै या दोन महिन्यांत मिळून तिने सुमारे १५,००० माणसं कमी केली. कंपनीचा ताळेबंद बघून स्वतःच्या नोकरीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांसाठी तर घड्याळच वेगळं चालतं. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा. एडिसनमध्ये आणि बे एरियात अशी कितीतरी मराठी घरं आहेत, जिथे मुलं तिथेच जन्मली, तिथल्या शाळेत जातात आणि ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आईवडिलांनी गावात अभिमानाने सांगितलेली नोकरी तिथे दोन महिन्यांच्या मुदतीवर उभी असते.

‘आपल्याला कामगार कायदे लागू नाहीत’

हे वाक्य आयटीतल्या प्रत्येक कॅन्टीनमध्ये ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि ते लोकांना खरं वाटण्याचा फायदा फक्त कंपनीला होतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण, हे माणसाच्या कामावर ठरत होतं. अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार, मग पगार महिना वीस हजार असो की दोन लाख. पगाराची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्याला होती: महिना १०,००० रुपये. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा पूर्णपणे बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० रुपये झाली. सांगाडा तोच राहिला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. महिना दोन लाख मिळवणारा डेव्हलपर कायद्याने कामगार ठरू शकतो. तोच उद्या डिलिव्हरी मॅनेजर झाला आणि खरोखर फक्त व्यवस्थापन करू लागला, तर ठरणार नाही. पगार थोडा वाढतो, कपातीतलं संरक्षण मात्र सगळं जातं.

संरक्षण म्हणजे काय, तेही बघू. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं वेतन भरपाई म्हणून. नव्या संहितेत आणखी एक भर पडली आहे: काढलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं यासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम वेगळ्या निधीत भरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कामगारांच्या त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जाईल, हा सर्वसाधारण नियम. तो मोडायचा तर मालकाने कारणं नोंदवायची.

शेवटी आलेला आधी जाईल, असं कायदा म्हणतो. आयटीत आधी आलेला आधी जातो. कायद्याने ज्याला सगळ्यात जास्त जपायचं ठरवलं होतं, त्याचंच नाव आपल्या कंपन्यांच्या यादीत पहिलं असतं, आणि त्याला कायदा विचारायचं सुचत नाही, कारण त्याच्या ओळखपत्रावर मॅनेजर लिहिलेलं असतं.

म्हणून पदनामाला भुलू नका. न्यायालय पदाचं नाव बघत नाही, मुख्य काम काय होतं ते बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सिबा गायगी कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. चेन्नईत टीसीएसने २०१५ मध्ये काढलेल्या एका अभियंत्याच्या बाबतीत, तो व्यवस्थापकीय कामावर होता असं कंपनीचं म्हणणं होतं. तिथल्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये तो कामगारच असल्याचा निकाल दिला आणि मधल्या काळाच्या पगारासह पुन्हा कामावर घ्यायला सांगितलं. सात वर्षं लागली, हे वाईट आहे. पण निकाल मिळाला, हे प्रत्येक आयटीवाल्याने लक्षात ठेवावं.

इथे सेल्फ अप्रेझलबद्दल एक सांगायला हवं. दरवर्षी त्या फॉर्ममध्ये आपण ‘टीम मॅनेज केली’, ‘स्टेकहोल्डर हँडल केले’, ‘प्रोजेक्ट लीड केला’ असं भरभरून लिहितो, कारण मॅनेजर होण्यासाठी तेच लिहायला शिकवलं जातं. प्रत्यक्षात त्याच वर्षी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा लॉग वाचून दोष शोधणारे आपणच असतो. ते काम फॉर्ममध्ये येत नाही. उद्या वाद झाला तर हाच फॉर्म कंपनी पुढे करेल. जे काम केलं ते सगळं लिहा, तांत्रिक काम आधी लिहा.

‘पेपर टाका’

कपातीचा दिवस कसा असतो, ते ज्यांच्यावर आला त्यांना माहीत आहे. सकाळी कॅलेंडरवर अर्ध्या तासाचं निमंत्रण येतं. विषयात फक्त ‘कनेक्ट’. खोलीत एचआर आणि कधी न बघितलेला एक वरिष्ठ. बोलणं गोड असतं. “सर, आपण हे सामोपचाराने करू. तुम्ही पेपर टाका, आम्ही रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ. टर्मिनेट केलं तर पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये दिसेल, तुम्हालाच त्रास.” आणि मग: “आज संध्याकाळपर्यंत पोर्टलवर टाका.”

माणूस घाबरतो. घरचा हप्ता, मुलीची फी, बाबांचं ऑपरेशन डोळ्यांपुढे येतं. पोर्टलवर राजीनाम्याचं बटण दाबलं जातं. त्या क्षणी त्याने काय सोडलं, याचा हिशेब मांडू. समजा कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरू शकणाऱ्या एका वरिष्ठ अभियंत्याची नोकरी १८ वर्षांची आणि महिन्याचं वेतन दीड लाख. दर वर्षामागे १५ दिवस म्हणजे नऊ महिन्यांचं वेतन: साडेतेरा लाख रुपये. वर नोटिशीचा एक महिना. ग्रॅच्युइटी वेगळी. ती पाच वर्षं झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळते, त्यामुळे ती कंपनीने उपकार म्हणून पुढे केली तर भुलू नका. राजीनामा दिला की तो स्वेच्छेने गेला असं कागद सांगतो, आणि स्वेच्छेने जाणाऱ्याला कपातीची भरपाई मिळत नाही. दोन-तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवून साडेतेरा लाखांचा दावा मिटवून घेतला जातो.

हे दुसऱ्या बाजूनेही वाईट आहे. राजीनाम्यावर सही घेतली की ती कपात कुठल्याही सरकारी दप्तरात कपात म्हणून येत नाही. तिची नोंद ॲट्रिशनमध्ये, म्हणजे आपणहून सोडून गेलेल्यांत, होते. हजारो माणसं काढूनही कागदावर एकही माणूस काढलेला नसतो. कामगार खातं काय मोजणार आणि मंत्री विधानसभेत काय उत्तर देणार?

पुढचे महिने कशावर काढायचे, हाही प्रश्न असतो. आयटीतल्या बहुतेकांना बेकारी भत्ता नाही. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण ती राज्य विम्याखाली येणाऱ्यांसाठी, म्हणजे साधारणपणे महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारदारांसाठी. वर्षाला लाखोंचा प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाच्या मागे नोकरी गेल्यावर सरकार म्हणून कुणीही उभं नसतं.

एक गोष्ट मात्र नव्या वेतन संहितेने चांगली केली आहे. कामावरून काढलं असो की राजीनामा दिला असो, देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. हे मॅनेजरलाही लागू आहे. फुल अँड फायनलसाठी पंचेचाळीस दिवस थांबवायची सवय कंपन्यांनी सोडावी, आणि ‘प्रोसेस आहे’ हे उत्तर आपण ऐकून घेऊ नये.

यादी कोण करतं?

कुणाला काढायचं, ही यादी वरून येते असं सांगितलं जातं. खरं तर ती वर्षभर खालीच तयार होत असते. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी सोडून दिली, कारण सहकारी एकमेकांचे शत्रू होतात ही तक्रार वर्षानुवर्षं होत होती. आपल्याकडेही बेल कर्व्ह काढल्याची भाषा आली. तरीही अनेक ठिकाणी मॅनेजरला तोंडी सांगितलं जातं की टीममधल्या इतक्यांना खालच्या रेटिंगमध्ये बसवा. तो बसवतो. चांगलं काम केलेल्या मुलीला ‘अजून व्हिजिबिलिटी हवी’ असं सांगून पाठवतो. पुढच्या वर्षी त्याच रेटिंगवर तिला पीआयपीवर, म्हणजे ‘कामगिरी सुधारा’ अशा मुदतीवर, टाकलं जातं. मॅनेजर मंडळींनो, ही यादी तुमच्या हातून करून घेतली जाते आणि त्यानंतर तुमचं नाव दुसऱ्याच्या यादीत जातं. नाही म्हणायची वेळ तुमचं नाव येण्याआधीची आहे.

बायकांच्या बाबतीत हे आणखी सफाईने होतं. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्याने आहे, आणि त्या रजेमुळे कुणाला काढता येत नाही. म्हणून कुणी काढत नाही. रजेवरून परत आली की तिची जागा भरलेली असते आणि तिला ‘तुझ्या सोयीसाठी’ पीएमओ, रिपोर्टिंग, क्वालिटी ऑडिट, फ्लोअर को-ऑर्डिनेशन दिलं जातं. काम महत्त्वाचं, पण बिलेबल नाही. दोन वर्षांनी बिलेबल नसलेल्यांची यादी निघते, तेव्हा त्या यादीत तीच असते. ताईंनो, परतल्यावर मिळालेलं सोयीचं काम लगेच स्वीकारू नका. आधीचंच काम लेखी मागा.

खालच्या टोकाला फ्रेशर. २०२२ मध्ये पास झालेल्या आणि इन्फोसिसचं ऑफर लेटर मिळालेल्या मुलांपैकी अनेकांना दोन-अडीच वर्षं वाट बघावी लागली. त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांना फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून परत पाठवलं गेलं. तीन संधी मिळूनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, ही कंपनीची बाजू. परीक्षेचा नियम असू शकतो. पण ज्या मुलाची दोन उमेदीची वर्षं तुमच्या ऑफर लेटरच्या भरवशावर गेली, त्याचं तुम्ही काही देणं लागता.

कंपन्यांनी आणि सरकारने

कंपन्यांकडे तीन मागण्या आहेत आणि तिन्ही सहज करता येण्यासारख्या आहेत. एक, तांत्रिक माणसाला मॅनेजर न होता पगार आणि मान दोन्हींत वर जाता आलं पाहिजे. आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनियर ही पदं कागदावर सगळ्यांकडे आहेत. ती पुरेशा संख्येने भरा. दोन, कपात करायची तर निवडीचे निकष लेखी द्या आणि भरपाईचं सूत्र आधी जाहीर करा. तीन, राजीनामा मागू नका. काढायचं आहे तर काढल्याचं पत्र द्या आणि कायद्याचे पैसे मोजा.

राज्य सरकारकडे एक मागणी. महाराष्ट्राचं माहिती तंत्रज्ञान धोरण २०२३ मध्ये नव्याने आलं. आयटी पार्कांना सवलती देताना सरकार किती रोजगार येणार, याचे आकडे व्यासपीठावरून सांगतं. मग किती गेले, याचाही हिशेब सवलत घेणाऱ्या कंपनीकडून दरवर्षी मागा. राजीनामे, कपात, प्रशिक्षणातून परत पाठवलेले, सगळे वेगवेगळे. जागा, वीज आणि मुद्रांक शुल्कातली सूट सगळ्यांच्या पैशातून जाते. त्या पैशाने उभ्या राहिलेल्या नोकऱ्या कधी आणि कशा संपल्या, हे कळण्याचा जनतेला हक्क आहे.

आणि तुम्ही

बढती घ्या. कष्टाची असते, घ्यायलाच हवी. पण पत्रावर सही करण्याआधी वरिष्ठांना एकच प्रश्न विचारा: या पदावर माझ्या हातात कोणतं काम राहील? उत्तर ‘लोक सांभाळायचे’ एवढंच असेल, तर थोडं तांत्रिक काम मागून घ्या. डिझाइन तपासा, कोड वाचा, प्रॉडक्शनच्या अडचणीत बसा, नवं साधन स्वतः चालवून बघा. पस्तिशीत हे सोडून दिलं की पंचेचाळिशीत मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः शेवटचं काय बनवलंत?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, पगारपत्रकं, अप्रेझल यांच्या प्रती आजच स्वतःजवळ घ्या. लॅपटॉप काढून घेतला की ती संधी संपते. क्लायंटची माहिती किंवा कंपनीचा कोड मात्र अजिबात घेऊ नका. त्या एका चुकीने तुमची सगळी बाजू पडते.

गृहकर्ज घेताना नोकरी आहे तशीच वीस वर्षं राहील, हे गृहीत धरू नका. दोघांच्या पगारावर हप्ता बसवण्यापेक्षा एकाच्या पगारात बसेल एवढंच घर घ्या. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. पैसे हाताशी असलेला माणूस त्या ‘कनेक्ट’च्या खोलीत ‘विचार करून सांगतो’ असं म्हणू शकतो. ज्याच्याकडे नाहीत, तो संध्याकाळपर्यंत बटण दाबतो.

आणि एकटे राहू नका. आयटीवाल्याला संघटना हा शब्द कमीपणाचा वाटतो. आपण गिरणी कामगार नाही, असं त्याला वाटत असतं. पुण्यात नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना टीसीएसच्या कपातीबाबत आणि म्हैसूरच्या मुलांसाठी थेट कामगार मंत्रालयापर्यंत गेली. कर्नाटकात केआयटीयू ही नोंदणीकृत संघटना आहे. २०२४ मध्ये तिथे आयटीत कामाचे तास दिवसाला चौदापर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती रस्त्यावर उतरली. नोकरी चांगली चालू असताना सदस्य व्हा. अडचण आल्यावर धावत गेलेल्यांच्या जोरावर संघटना उभी राहत नाही.

शेवटी एकच सांगणं, आणि ते आजच घरी बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी घरून घाईचा दबाव येणार नाही. एचआरच्या खोलीत राजीनाम्यावर सही करू नका. “मला जे सांगायचं ते ईमेलवर द्या, मी वकिलाशी बोलून उत्तर देतो,” एवढं बोला आणि बाहेर पडा. तुम्ही राजीनामा दिलेला नाही, तोपर्यंत तुम्हाला काढण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ती आपल्या अंगावर घेऊ नका.